सामाईक पेटी

सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘सामाईक विहीर’ असे दोन शब्द दिसले, की माझ्यासारखा कृषी खात्यातला माणूस थोडा सावध होतो. त्या दोन शब्दांमागे भावाभावांचे हिस्से असतात, पाण्याच्या पाळ्या असतात आणि निदान एक तरी न बोलणारे घर असते, असा माझा आजवरच्या नोकरीचा अनुभव आहे. आमची स्वतःची विहीरही सामाईकच आहे. पण आज लिहावयाचे आहे ते दुसऱ्याच एका सामाईक वस्तूविषयी. आकाराने ती पानाच्या डब्याहून लहान. तिच्यात आमच्या घरचे कागद, बिले, माती परीक्षणाचे अहवाल आणि चार पिढ्यांची छायाचित्रे राहतात, आणि घरातले कोणीही माणूस ओसरीवर बसून आपल्या फोनवर ती उघडून पाहू शकते. ती कशी केली, खर्च किती आला आणि मुळात ती करण्याची पाळी आमच्यावर का आली, ते सांगतो. शेवटचे पहिल्यांदा सांगावे लागेल.

आमचे घर मोहोळ तालुक्यात, सीना नदीपासून हाकेच्या अंतरावर. घर जुने, माळवदाचे. आम्ही तिघे भाऊ. थोरले दादा शेती पाहतात. मी मधला, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा बी. एस्सी. अ‍ॅग्री. होऊन खात्यात चिकटलो, बिऱ्हाड सोलापुरात. धाकटा गावातच, दादांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. दोन एकर डाळिंब, थोडा ऊस, बाकी रब्बीची ज्वारी. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. नाना २०२१ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्यामागे एक हिरव्या रंगाची लोखंडी पेटी राहिली आणि तिची किल्ली दादांच्या करगोट्याला राहिली.

वारस नोंदीचे काम निघाले तेव्हा त्या किल्लीची आठवण सर्वांना झाली. विहिरीकडे जाणारी ११ गुंठ्यांची एक पट्टी नानांनी १९८४ साली लगतच्या खातेदाराकडून, म्हणजे भावकीतूनच, खरेदी केली होती. खरेदीखत झाले, पण फेरफार नोंदवावयाचा राहून गेला. आता भावकीतली पुढची पिढी म्हणू लागली, की असे खत झालेच नाही. धाकट्याच्या वाट्याच्या रानाला पाणी न्यायचे तर वाट त्याच पट्टीतून. तो दादांना म्हणे, पेटी उघडा. दादा म्हणत, बघतो. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. होता होता धाकट्याच्या घरात असा समज झाला, की दादांना ती पट्टी स्वतःकडे ठेवावयाची आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात चुली वेगळ्या झाल्या. चार महिने दोन्ही घरांतली माणसे एकाच नळावर पाणी भरीत आणि एकमेकांशी बोलत नसत. सोलापुरात बसून मीही मनात म्हणत होतो, की दादांचे काहीतरी बिनसले आहे. हे लिहिताना लाज वाटते. पण म्हणत होतो.

दिवाळीला मी गावी गेलो. भाऊबीजेला आई म्हणाली, “मी हाय तवर ती पेटी माझ्यासमोर उघडा. नंतर काय करायचं ते करा.” दादांनी काही न बोलता किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

ओसरीवर घोंगडी अंथरली, सगळे घर गोळा झाले आणि एकेक कागद बाहेर निघू लागला. साखर कारखान्याच्या पावत्या, सोसायटीचे पासबुक, १९७२ च्या दुष्काळातले कामावरचे हजेरी-कार्ड, बैलांच्या खरेदीच्या चिठ्ठ्या, आमच्या तिघांच्या जन्मकुंडल्या. पुतण्याने पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. तो म्हणाला, “काका, निघालेत तर सगळ्याचे फोटो काढून ठेवू.” काळ्या घोंगडीवर कागद सपाट ठेवावयाचा, सावलीतल्या उजेडात फोन अगदी आडवा धरून वरून फोटो घ्यावयाचा, फ्लॅश लावावयाचा नाही, एवढेच तंत्र. दोन दिवसांत ३४० कागद झाले. पट्टीचे खरेदीखत कारखान्याच्या पावत्यांच्या बंडलात निघाले. लपवलेले काहीच नव्हते. धाकट्याने खत हातात घेतले, वाचले आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसला.

पेटीच्या तळाशी मात्र दोन कागद एकाच टाचणीने टोचलेले होते. एक १९८९ सालची गहाणाची चिठ्ठी: आईच्या दोन पाटल्या आणि बोरमाळ, बदल्यात साडेचार हजार रुपये. मागल्या बाजूला नानांच्या हातचे, “मधल्याच्या राहुरीच्या शिक्षणाकरिता.” दुसरा कागद त्याच महिन्यातला, दादांना सोलापूरच्या आय.टी.आय.मध्ये प्रवेश मिळाल्याचा. त्यावर आडवी रेघ मारलेली. बोरमाळ परत आली नाही हे आम्हांला दिसत होतेच. आईच्या गळ्यात मी काळ्या पोतीखेरीज काही पाहिलेले नाही. पण ती कशासाठी गेली हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्या ओसरीवर कळले. दादा कागदाकडे न बघता म्हणाले, “म्हणून उघडत न्हवतो. तुला कशाला दाखवायचं?”

पुतण्याने फोन पुढे केला तर दादांनी त्याचा हात बाजूला केला. “ह्यो नको.” तो कागद पुन्हा घडी करून पेटीत गेला. मीही आग्रह केला नाही.

आता त्या यंत्राकडे वळतो.

३४० फोटो पुतण्याच्या फोनमध्ये आले, म्हणजे पेटी गेली आणि फोन आला. किल्ली फक्त दुसऱ्याच्या करगोट्याला गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांना पाठवून पाहिले. तिथे एक तर फोटो बारीक होऊन जातो, शिक्क्याची अक्षरे पुसट होतात. आणि तीन दिवसांत सुप्रभाताच्या फुलांखाली खरेदीखत गाडले जाते. पेन ड्राइव्ह करून दोन्ही घरी दिले. एक आठवड्यात हरवला. इंटरनेटवर भाड्याची जागा मिळते, मीही माझ्या कामासाठी वापरतो; पण फुकट जागा थोडी, पुढे दर वर्षी भाडे आणि गावात बाहेरची लाइन दिवसातून दोनदा तुटणार. आम्हांला हवी होती आमच्या विहिरीसारखी जागा: घरातच असलेली, सर्वांची, आणि बाहेरचे काही बंद पडले तरी चालणारी.

बाजारात याकरिता तयार पेट्या मिळतात. चांगली, दोन डिस्क मावणारी पेटी मी विचारली तेव्हा डिस्कशिवाय पंधरा-वीस हजारांच्या घरात पडत होती. पुतण्याचा डिप्लोमाच्या वेळचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर पडून होता. त्यावर लिनक्स आणि साम्बा हे दोन फुकट प्रोग्राम घातले, की तोच सर्वांची कोठी होतो. पण मी खात्यातला माणूस, मोटारीच्या विजेचा हिशेब करणारा. असा कॉम्प्युटर ७५ वॅट खातो असे धरले तर दिवसाला पावणेदोन युनिट, महिन्याला ५४ युनिट. कागद सांभाळण्यासाठी एवढी वीज जाळणे मनाला पटेना.

मग पुतण्याने वायफायची पेटी, म्हणजे राउटर, उलटा करून दाखविला. केबलवाल्याने लावून दिलेल्या त्या पेटीच्या मागे यूएसबीचे एक तोंड होते. वर्षभर त्यात धूळ बसली होती. अशा तोंडात हार्ड डिस्क खोचली आणि राउटरच्या सेटिंगमध्ये वाटपाची परवानगी चालू केली, की त्या वायफायवर असलेल्या प्रत्येक फोनला आणि कॉम्प्युटरला ती डिस्क दिसू लागते. वाचकांपैकी ज्यांच्या घरी ब्रॉडबँड आहे त्यांनी आधी आपल्या पेटीच्या मागे पाहावे. सर्वच राउटरना असे तोंड नसते, आणि काहींचे असून वाटपाच्या कामाचे नसते. तसे असेल तर मात्र नवा घ्यावा लागेल.

जानेवारी २०२३ मध्ये सोलापुरातून एक हजार जीबीची, म्हणजे एक टीबीची, बाहेरून जोडावयाची डिस्क आणली. चार हजारांच्या थोडी वर पडली. फोनचा एक फोटो ४ एमबीचा धरला तर तिच्यात अडीच लाख फोटो मावतात. आमचे घर लग्ने-बारशी धरूनही तेवढे काढणार नाही असे मला तेव्हा वाटले होते. पुतण्यांची पिढी पाहता आता तशी खात्री देत नाही.

लावली आणि पहिल्याच दिवशी फजिती झाली. डिस्क टकटक असा आवाज करी, दिसे आणि नाहीशी होई. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, बदलून घ्या. पण डिस्क चांगली होती. राउटरच्या त्या लहान तोंडातून येणारी वीज तिच्या चाकाला पुरत नव्हती. दाब नसलेल्या ठिबकसारखी गत. मध्ये स्वतःची वीज घेणारा एक यूएसबी हब लावला, आवाज थांबला. दुसरी अडचण मोठ्या व्हिडिओची. धाकट्याच्या मुलीच्या लग्नाची फिल्म काही केल्या आत जाईना. कारण डिस्क फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेली होती आणि तिच्यात चार जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. डिस्क पुन्हा आखावी लागली. आखताना आतले सगळे पुसले जाते, तेव्हा हे भरण्याआधी करावयाचे. तिसरी गोष्ट वीज. गावात वीज जाते हे सांगावयास नको, पण येताना ती झटक्याने येते, आणि लिहिणे चालू असताना वीज गेली तर डिस्क बिघडू शकते. राउटरसाठी बाराशे रुपयांची एक लहान बॅटरी मिळते, ती लावली. हबलाही तिच्यावरच घेतले. सगळे मिळून सहा हजारांच्या आत काम झाले. वीज खाते दहा वॅटच्या आसपास, महिन्याला सात युनिट. त्यातला राउटरचा भाग तर आधीपासूनच जळत होता.

यंत्र माजघरातल्या देवळीत ठेवले. पत्र्याच्या खोलीत नको, कारण आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि उष्णतेने डिस्कचे आयुष्य घटते. माळवदाखाली गारवा असतो. आईने पहिल्या दिवशी त्या देवळीत हळदकुंकू वाहिले. पुतण्याने फुंकर मारून ते काढले. असो.

ज्या साम्बा प्रोग्रामचे नाव वर घेतले, तोच किंवा त्याच्या जातीचा प्रोग्राम अशा बहुतेक राउटरांच्या पोटात असतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या एका विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास तो लिहावयास घेतला. वेगवेगळ्या जातीच्या यंत्रांना एकमेकांच्या फाइली पाहता याव्यात एवढीच त्याची गरज. पुढे त्या बोलीच्या एस, एम, बी या तीन अक्षरांवरून शब्दकोशात शोधता त्याला नाचाचे नाव सापडले, तेच ठेवले. पैसे घेतले नाहीत. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. विद्यापीठाने काढलेले वाण शेतकऱ्याने पेरावे, टिकवावे आणि शेजाऱ्याला द्यावे, तसाच हा प्रकार मला वाटतो.

यंत्रापेक्षा वेळ गेला तो पाळीपत्रक ठरविण्यात. सामाईक विहिरीत कोणी केव्हाही मोटार सोडली तर काय होते ते आपण जाणतो. आम्ही दोन कप्पे केले. ‘कागद’ या कप्प्यातले सर्वांनी पाहावे, पण त्यात टाकणे-काढणे फक्त पुतण्याने आणि धाकट्याच्या मुलीने करावे. म्हणजे दोन्ही घरचा एकेक माणूस. ‘फोटो-हिशेब’ या कप्प्यात सर्वांनी काहीही टाकावे. प्रत्येक फाइलचे नाव सालापासून सुरू करावयाचे, ‘१९८४ खरेदीखत विहिरीची पट्टी’ असे. मग ती आपोआप ओळीने लागतात. आमच्या खात्यात फाइलला ‘नस्ती’ म्हणतात, आणि नस्ती हरवते ती बहुधा नावामुळेच. फोनवर पाहण्यासाठी फुकट मिळणारे एक अ‍ॅप घातले, त्यात राउटरचा पत्ता आणि पासवर्ड एकदा लिहून दिला. आमचा पत्ता १९२.१६८.१.१ असा आहे; बहुतेक घरी असाच किंवा याच्या जवळपासचा असतो. दादांना तो लिहावा लागत नाही. त्यांच्या फोनवर एक खूण करून दिली आहे, तीवर बोट ठेवले की पेटी उघडते.

एका बाबतीत मी हट्ट धरला. ही डिस्क घरच्या वायफायपुरतीच ठेवावयाची. बाहेरगावाहून इंटरनेटवरून उघडता येईल अशी सोय राउटरमध्ये असते, ती बंद. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाची कीड जगभरच्या कॉम्प्युटरांत शिरली होती, ती याच फाइलवाटपाच्या जुन्या बोलीतल्या भोकातून. लोकांच्या फाइलींना कुलपे घालून ती खंडणी मागत असे. मला सोलापुरातून पाहता येत नाही ही गैरसोय आहे. पण मी दर पंधरवड्याला गावी जातोच.

उपयोग काय झाला? सातबाऱ्याचे म्हणाल तर त्यासाठी डिस्क लागत नाही. डिजिटल सहीचा सातबारा आज पंधरा रुपयांत इंटरनेटवरून निघतो. नोंदणी झालेल्या खताची नक्कलही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मिळते. मात्र दस्त क्रमांक आणि साल ठाऊक असेल तर लवकर, नाही तर चपला झिजतात. फोटोने आम्हांला तो क्रमांक दिला, आणि २०२३ मध्ये पट्टीचा फेरफार झाला. फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे, हे मी प्रत्येक शेतकऱ्याला सांगतो. पण जे कागद कोणत्याच कार्यालयात नसतात, ते गेले की गेले: ठिबकच्या हमीचे बिल, माती-पाण्याचे अहवाल, कोणत्या बहाराला कोणते औषध किती मारले त्याची वही, रोपे कोठून आणली त्याची पावती. डाळिंब निर्यातीला द्यावयाचे तर फवारणीची नोंद लागतेच. दादा रोज संध्याकाळी वहीचे पान फोटो काढून टाकू लागले. धाकटा आपल्या घरातून ते पाही आणि दुसऱ्या दिवशी बांधावरून विचारी, “तेल्या दिसला व्हय तिकडं?” अशा रीतीने बोलणे सुरू झाले. चुली अजून वेगळ्याच आहेत. त्या आता तशाच राहतील.

मग माझी स्वतःची चूक. फोन भरले, चालत नाहीत, अशी सर्वांची तक्रार. मी अधिकारवाणीने सांगितले, की डिस्कवर गेले ना, मग फोनमधून पुसून टाका. सर्वांनी पुसले. २०२४ च्या उन्हाळ्यात दादांच्या धाकट्या मुलाने ‘फोटो-हिशेब’ कप्पा आवरावयास घेतला. एकसारखे दिसणारे फोटो जादा समजून त्याने काढून टाकले. फवारणीच्या वहीची पाने एकमेकांसारखी दिसणारच! आपल्या कॉम्प्युटरवर पुसलेली फाइल आधी कचरापेटीत जाते. पण जाळ्यावरच्या सामाईक डिस्कवरून पुसले की बहुधा मधला थांबा नसतो, ती सरळ जाते. दोन बहारांच्या नोंदी गेल्या. वही होती, पण तिची अर्धी पाने औषधाच्या पाण्याने भिजून चिकटलेली. पोर रडकुंडीला आले. दादा त्याला काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघून म्हणाले, “तूच म्हणालास पुसा.”

सामाईक ठेवणे आणि जादा प्रत ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला पन्नाशीनंतर कळावे याचे नवल वाटते, कारण नाना तेच ज्वारीच्या बाबतीत करीत. बियाण्याची मालदांडी ते एका जागी कधी ठेवत नसत. थोडी घरच्या कणगीत, थोडी पेवात आणि पायलीभर आत्याकडे मंगळवेढ्याला. पेवात पाणी शिरले तर कणगी, कणगीला कीड लागली तर आत्या. संगणकवाले यालाच आकड्यांत सांगतात: तीन प्रती, दोन निराळ्या वस्तूंवर, एक घराबाहेर. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद होते, त्यांतले निवडक गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर ४५ भागांत छापले. छापले गेले म्हणून ते एका इमारतीपुरते उरले नाहीत. आमचे दप्तर लहान, पण इमारत एकच होती. मी दुसरी डिस्क घेतली. दर पंधरवड्याला गावी जाताना ती पिशवीत न्यावयाची, नवे ते तिच्यात उतरवून घ्यावयाचे आणि सोलापूरला आणून कपाटात ठेवावयाची. गावी ती वायफायला जोडून ठेवावयाची नाही. ती सामाईक नाही; ती आत्याकडची ज्वारी.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळा आणि दोन्ही सोलापूर तालुक्यांत काठच्या गावांत पाणी शिरले, हे सर्वांनी वाचलेच आहे. आमच्या गावी ते रात्री आले. आईला खाटेसकट वरच्या आळीला नेले, जनावरे सोडली, बाकी कशाला हात लावावयास वेळ मिळाला नाही. माजघरात साडेचार फूट पाणी होते. देवळी जमिनीपासून चार फुटांवर.

तिसऱ्या दिवशी मी पोहोचलो. मला आधी खात्याच्या कामाला जुंपून घ्यावे लागले. डाळिंबाच्या बागांत गाळ गुडघ्याएवढा, उसाची मुळे उघडी पडलेली, पंचनाम्यांच्या याद्या. ज्यांची घरे गेली त्यांना मी कागद मागत होतो. बँकेचे पासबुक? आधार? बाया पाण्याकडे हात करीत. आमच्या घरच्या कागदांसाठी सौ.ला फोन केला, तिने कपाटातली डिस्क लावून छापे काढून पाठविले. धाकट्याच्या रानाचे, दादांच्या रानाचे, दोघांचे एकाच पाकिटात आले.

देवळीतली डिस्क गाळाने भरली होती. पुतण्याने ती चालू करून पाहिली नाही; भिजलेल्या डिस्कला वीज दिली तर आत असलेले वाचण्याची उरलीसुरली आशाही जाते. आम्हांला ती वाचविण्याची गरज नव्हती. शेवटच्या पंधरवड्यातले काही फोटो गेले, तेवढेच.

पेटी दादांनी अंगणात आणून उपडी केली. ओल्या कागदांची विट झाली होती. एकमेकांपासून ओढून काढू नयेत, उन्हात टाकू नयेत, सावलीत पंख्याखाली वर्तमानपत्राच्या घड्या घालून हळूहळू सुकू द्यावेत, एवढे मला ठाऊक होते, तसे केले. खरेदीखताचा जाड कागद टिकला, शिक्का वाचता येतो. कुंडल्या पुसल्या. दुष्काळातले हजेरी-कार्ड हातात घेताच तुटले. तळाशी टाचणी सापडली, गंजलेली, आणि तिच्याभोवती निळसर लगदा. त्या काळची शाई. मी तो हातावर घेऊन उभा होतो. दादा म्हणाले, “गेला न्हवं? जाऊ दे.”

नवा राउटर बसला आहे, नवी डिस्क आणली आहे, सोलापूरच्या डिस्कवरून ती भरली, आणि आता ती देवळीत नाही. तुळईलगत फळी मारून वर ठेवली आहे. जिना लावून आईला हळदकुंकू वाहता येत नाही अशी तिची तक्रार आहे.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी दादांना वाचून दाखविला, कारण त्यात तो कागद आला आहे. त्या जागी ते उठून गोठ्याकडे गेले. थोड्या वेळाने परत आले आणि म्हणाले, “छाप. पण पाटल्या दोन न्हवत्या, चार हुत्या. तेवढं नीट कर.”

मी वाचला तेव्हा दोन वाचले होते, असे मला आठवते. आईला विचारले. ती म्हणाली, “आता कशाला मोजताय?”